डोकं दुखतंय असं सांगू नका

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या बाई 58 वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. कॉलेजपासूनच्या चौघी मैत्रिणी सप्टेंबरअखेर ग्रुप टूरने युरोपला निघाल्या आहेत. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीस शहरात, टूरमधला एक अख्खा दिवस मोकळा आहे. चौघींत जी नेहमी सगळं ठरवते तिने त्या दिवसाचा तक्ता व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आहे. सकाळी साडेसातची गाडी, आधी कान हे गाव, मग आंतिब, दुपारी मोनॅको, संध्याकाळी मेंतों आणि रात्री परत नीस. बाईंचा उजवा गुडघा दुखतो. यजमानांच्या आजारपणात शिल्लक बरीच गेली, टूरचे पैसेच कसेबसे जमवले. बाकी तिघींची तशी ओढाताण नाही. एक म्हणाली, ‘तुझं त्या दिवशीचं मी बघते गं,’ ते मनाला लागून राहिलं आहे. शिवाय तिथले फोटो बघून धास्ती बसली आहे की आपल्या कॉटनच्या कुर्त्यांत आपण गबाळ्या दिसू. बाई विचारतात, गप्प बसून फरपटत जाऊ, की त्या दिवशी डोकं दुखतंय सांगून हॉटेलवरच राहू? मला कोणाचा विरस करायचा नाही.

प्रिय मैत्रिणी,

तुम्ही दोनच वाटा लिहिल्या आहेत आणि दोन्हींवर तुम्ही एकट्याच आहात. एकीवर तिघींच्या दहा पावलं मागे, गुडघा सांभाळत. दुसरीवर खोलीत, पडदे ओढून. चाळीस वर्षांच्या मैत्रिणींबरोबर इतक्या लांब जायचं ते यासाठी नक्कीच नाही.

डोकेदुखीचं आधी बोलते, कारण तो बेत तुमचा जवळजवळ पक्का झालेला दिसतो. नका करू तसं. तुमच्या मैत्रिणींचं जे वर्णन तुम्ही केलंय त्यावरून एक तरी तुमच्याजवळ थांबेल, कपाळाला बाम लावेल आणि तिचाही दिवस जाईल. त्याचा सल तुम्हाला परतीच्या विमानापर्यंत पुरेल. आणि समजा कोणीच थांबलं नाही, तर ते तुम्ही मनात धरून बसाल. इतकी वर्षं शिकवलंत तुम्ही. गणिताच्या तासालाच पोट दुखणाऱ्या मुली लगेच ओळखत होतात ना? तुमच्या मैत्रिणीही तुम्हाला तशाच ओळखतात.

आता तो तक्ता. हा किनारा मी पाहिलेला आहे, म्हणून नकाशाच सांगते. नीस मध्ये आहे. कान पश्चिमेला, साधारण तीस किलोमीटरवर, आणि आंतिब त्याच वाटेवर. मोनॅको पूर्वेला, वीसेक किलोमीटर. मेंतों त्याच्याही पुढे, इटलीच्या हद्दीला टेकलेलं. म्हणजे तक्त्याप्रमाणे आधी एका टोकाला जायचं, त्याच वाटेने नीस ओलांडून दुसरं टोक गाठायचं आणि पुन्हा मध्ये यायचं. गाड्या वारंवार असतात. कानला अर्धा-पाऊण तास, मोनॅकोला वीस-पंचवीस मिनिटं. तक्त्यात हे आकडे बरोबर धरले असणार. पण स्टेशनापर्यंतचं चालणं, फलाट शोधणं, एक गाडी सुटली की दुसरीची वाट बघणं आणि चौघींना वेगवेगळ्या वेळी बाथरूमला जायचं असणं हे कोणाच्याच तक्त्यात नसतं. माझ्या हिशोबाने चार तास तरी रुळांवर आणि फलाटांवर जातील, आणि प्रत्येक गावाच्या वाट्याला जेमतेम दोनेक तास येतील. तेवढ्यात गावाला फक्त हात लावून येता येतं. गुडघा ठणठणीत असता तरी मी हेच म्हटलं असतं.

हे मी करून बसलेली आहे. नऊ वर्षांपूर्वी मी आणि माझ्या दोन मावसबहिणींनी एका दिवसात तीन गावं उरकली. मोनॅकोच्या राजवाड्यापुढे रोज 11.55 ला पहारा बदलतो, तो बघायला आम्ही चढावरून धावत गेलो आणि तरी चुकलाच. धाकटीच्या टाचेला फोड आला. मग कोणामुळे उशीर झाला यावरून तिघी एकमेकींशी बोलेनाशा झालो. परतीच्या गाडीत थोरली अचानक म्हणाली, ‘मी इथेच उतरणार.’ स्टेशन होतं व्हिलफ्रांश, नीसच्या अगदी अलीकडचं. फलाटावरूनच खाली समुद्र दिसतो आणि थोडं उतरून गेलं की पाय वाळूत. आम्ही चपला काढून पाण्याच्या कडेला बसलो. थोरलीने पिशवीतून डबा काढला, घरून आणलेल्या गुळाच्या दशम्यांतल्या शेवटच्या तीन उरल्या होत्या. त्या तिथे, खारट बोटांनी खाल्ल्या. आणि दिवसभर गप्प असलेली धाकटी बोलू लागली. काय बोलली ते तिचं आहे. पण गेली दोन वर्षं ते तिला कोणाला तरी सांगायचं होतं, आणि तक्ता पुरा केला असता तर त्याला जागाच नव्हती.

तुमच्या पत्रातलं एक गृहीत मला खटकतं. ही झगमगती शहरं कुणा दुसऱ्यांची आहेत, तिथे जायला आपली काही लायकी दाखवावी लागते, असं तुम्ही धरून चालला आहात. या झगमगाटाचा जन्म कसा झाला ते बघा. मोनॅकोच्या ताब्यातली मेंतों आणि रोकब्रून ही गावं बंड करून वेगळी झाली आणि 1861 मध्ये फ्रान्सकडे गेली. राज्याचा बहुतेक मुलूख गेला, उत्पन्नाची पंचाईत झाली. मग पाहुण्यांच्या पैशावर राज्य चालवायचं म्हणून 1863 मध्ये माँटे कार्लोचा कॅसिनो उघडला. मोनॅकोच्या स्वतःच्या नागरिकांना आजही तिथे जुगार खेळता येत नाही. तो सगळा थाट मुळात बाहेरून येणाऱ्यांसाठीच मांडलेला आहे. चौकात उभं राहून त्या इमारतीची नक्षी आणि दारातल्या गाड्या बघायला एक पैसा लागत नाही आणि तुमचा कुर्ता कोणी बघत नाही. रस्त्यावरच्या कपड्यांबद्दल मोनॅकोत कडक नियम आहे तो एवढाच, की पोहण्याच्या कपड्यांत किंवा उघड्या अंगाने किनारा सोडून गावात हिंडायचं नाही.

नीसचं तर त्याहून वेगळं. समुद्राकाठचा तो प्रसिद्ध रस्ता, प्रोमनाड दे आंग्ले, म्हणजे इंग्रजांचा फिरायचा रस्ता, 1820 च्या दशकात सुरू झाला. थंडीत हवापालटाला येणाऱ्या इंग्रजांनी वर्गणी काढली आणि कामाला मोताद झालेल्या गरिबांकडून एक पायवाट करून घेतली. आज ती सात किलोमीटरचा रुंद रस्ता झाली आहे. काही मिळवायला किंवा कुठे पोचायला ती बांधलेली नाही. लोक तिथे अख्खा हिवाळा काढायला यायचे, रोज थोडं चालायचे आणि बसायचे. युनेस्कोने 2021 मध्ये नीसला जागतिक वारसा यादीत घेतलं ते हिवाळी विश्रांतीचं शहर म्हणूनच. तेव्हा तिथे सावकाश फिरणाऱ्या, दर दहा मिनिटांनी बसणाऱ्या बाईने कोणाचा विरस होत नाही. त्या रस्त्याचा खरा उपयोग तीच करत असते.

आणि कपड्यांचं अजून एक, कारण हे वाचून माझे डोळे भरून आले होते. 2024 च्या कान महोत्सवात पायल कपाडिया यांच्या चित्रपटाला ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा मान मिळाला. त्यात आपल्या अभिनेत्री छाया कदम आहेत. जगभरचे कॅमेरे जिथे रोखलेले असतात तिथे त्या आपल्या दिवंगत आईची साडी आणि नथ घेऊन गेल्या. आईला विमानात बसवायचं राहून गेलं, निदान तिच्या वस्तू तरी विमानाने तिथवर पोचल्या, अशा भावनेने. तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ आहे, की आईची एक इरकल तुम्ही ‘तिथे काय नेसायची’ म्हणून कपाटातच ठेवली आहे. ती घ्या. त्या दिवशी नेसा. हवा सप्टेंबरअखेर उबदार असते, वाराही बेताचा. पायात मात्र जाड तळाचे बूट घाला. साडीवर बूट शोभत नाहीत असं कोणी म्हटलं तर म्हणू दे.

पैशांचं दुखणं कपड्यांपेक्षा खोल आहे. ‘तुझं मी बघते’ या वाक्यात तुम्हाला दया ऐकू आली. असेलही. पण मला पत्रात दुसरंही दिसतं. यजमान आजारी असताना हीच मैत्रीण रोज डबा घेऊन दवाखान्यात येत होती, असं तुम्हीच लिहिलं आहे. तो डबा तुम्ही घेतलात, तेव्हा लागलं नाही. आता लागतं, कारण डबा गरज होती आणि मोनॅकोची कॉफी चैन. चैनीसाठी दुसऱ्याचे पैसे घ्यायचे नाहीत हा तुमचा बाणा मला आवडतो, तो सोडू नका. फक्त तो तिला तोंडाने सांगा. ती मनकवडी नाही. ‘तू म्हणालीस ते प्रेमाने म्हणालीस, पण मला माझं भागवू दे, आणि त्यासाठी बेत थोडा माझ्या खिशाला झेपेल असा करूया,’ एवढं म्हणायला अर्धं मिनिट लागतं.

व्यवहारासाठी एक उपाय सांगते. आपल्याकडे कॉलेजची मुलं टीटीएमएम करतात, तुझं तू माझं मी. प्रवासात दर कॉफीला ते केलं की दिवसभर हिशोबच चालतो आणि जिच्याकडे कमी असतात ती मनातल्या मनात प्रत्येक आकडा शंभरने गुणत बसते. त्यापेक्षा सकाळी चौघींनी सारखी रक्कम, समजा पन्नास युरो, एका पाकिटात टाकावी आणि ते पाकीट तुम्ही सांभाळावं. तिकिटं, जेवण, कॉफी, सगळं त्यातून. पाकीट संपलं की एकत्र खर्च संपला. त्यावर कोणाला महागडी खरेदी करायची असेल तर ती तिची. पन्नास हा आकडा मी धरला आहे, तुमचा आकडा तुम्हीच आधी सांगा. सगळ्यात कमी झेपणाऱ्या व्यक्तीने आकडा सांगायचा, हा नियम माझ्या ओळखीच्या बऱ्याच ग्रुपमध्ये चालतो. मला अशी पत्रं गोव्याच्या आणि दुबईच्या सहलींबद्दलही येतात, पंचविशीतल्या मुलींचीही. सगळ्यांना हेच सांगते, आकडा निघायच्या आधी बोला. हॉटेलातलं बिल टेबलावर आल्यावर बोललेला आकडा भांडणासारखा ऐकू येतो.

आता तक्ता करणाऱ्या मैत्रिणीकडे येते. तुमच्या पत्रात ती जरा दांडगट वाटते. पण तिचं एक वाक्य तुम्ही तीनदा लिहिलं आहे: ‘परत कधी येणार आपण?’ या वयात हे वाक्य चार गावांच्या हौसेतून येत नाही, मैत्रिणी. तिलाही काही तरी निसटत असल्याची भीती आहे. तुमच्यासारखीच. तिला ‘तुझा बेत चुकीचा आहे’ असं सांगितलंत तर ती आणखी एक गाव वाढवेल. तिला विचारा, या चारांतलं एकच बघायला मिळालं तर तू कुठलं घेशील? आणि तिचं उत्तर खरंच ऐका. कानच्या महोत्सवाच्या त्या प्रसिद्ध पायऱ्यांवर फोटो हवा असेल तिला, सिनेमावेडी असेल तर. महोत्सव मे महिन्यात असतो, एरवी त्या पायऱ्यांपाशी सहसा कोणीही उभं राहून फोटो काढतं. किंवा मोनॅको हवं असेल.

समजा मोनॅको निघालं. मग दिवस असा जाऊ शकतो. सकाळी घाई न करता नीसच्या जुन्या भागात, कूर सालेयाच्या बाजारात. फुलं, भाज्या, ऑलिव्ह, साबण, आणि चाकाची पिशवी ओढत भाजी निवडणाऱ्या तुमच्या-माझ्या वयाच्या बायका. त्यांना बघितलंत की कुर्त्याची धास्ती जाईल. सोमवार असेल तर तिथे फुलं-भाज्यांऐवजी जुन्या वस्तूंचा बाजार असतो, तो वार आधी बघून घ्या. त्याच भागात सोक्का मिळतो. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, एवढंच. परातीएवढ्या तांब्याच्या थाळ्यात लाकडाच्या भट्टीत भाजतात, कडा करपलेल्या आणि मधे मऊ, वरून मिरपूड. आपल्या धिरड्याची फ्रेंच चुलतबहीणच, फक्त तिला कांदा-मिरची माहीत नाही. शाकाहारी असाल तर हे पोटभर चालेल. नीसच्या सॅलडमध्ये मात्र मासे असतात, आणि तिथल्या कांद्याच्या पिझ्झ्यासारख्या पदार्थावर खारवलेले मासे पसरलेले असतात, तेव्हा मागवताना विचारा. दुकानात शिरताना पहिला शब्द ‘बाँजूर’. तो विसरलात तर समोरच्याचा चेहरा पडतो, म्हटलात तर कामं पटापट होतात. जेवण बारा ते दोनमध्ये उरका, नंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं. जेवायला बसल्यावर नळाचं पाणी मागितलं की सुरईभर फुकट देतात, फ्रान्समध्ये तो नियमच आहे. आणि बाथरूमसाठी तासन् तास कळ काढू नका. एक कॉफी घेऊन बसा, ते दोन युरो त्यासाठीच समजा.

जेवणानंतर मोनॅकोची गाडी. जाताना उजव्या खिडकीशी बसा, समुद्र त्याच बाजूला आहे. मोनॅको वेगळा देश असला तरी फ्रान्सकडून जाताना सीमेवर थांबवत नाहीत. पासपोर्ट जवळ असू द्या. गाव डोंगरउतारावर आहे, पण सार्वजनिक लिफ्ट आणि सरकते जिने ठिकठिकाणी आहेत आणि फुकट आहेत. त्यांच्या पाट्या शोधत चाललात तर गुडघ्याला चढ लागणार नाही. आणि ज्या दोघींना वरचा राजवाडा, खाली बंदरातल्या बोटी, सगळंच करायचं असेल त्यांना जाऊ द्या. तुम्ही आणि ज्या चौथीला बसायचं असेल तिने कॅसिनोपुढच्या बागेत बसावं. दीड तासाने भेटू, इथेच, या बाकावर. एकत्र प्रवासाला जाणं म्हणजे दिवसभर एकमेकींच्या पदराला बांधून घेणं, हे आपण आपलंच ठरवून टाकतो. परत भेटल्यावर सांगायला दोन वेगळ्या दुपारी असतात, त्याची मजा वेगळी.

संध्याकाळी सहाच्या आत नीसला परत या. सूर्य सव्वासातच्या सुमारास बुडतो. प्रोमनाडवर निळ्या खुर्च्या मांडलेल्या असतात, समुद्राकडे तोंड करून, कोणीही बसावं. खाली किनाऱ्यावर वाळू नाही, मुठीएवढे गुळगुळीत गोटे आहेत. गुडघ्याला ते चालणं बरं नाही, वरच बसा. लाट परतताना ते गोटे खाली घसरतात आणि सुपात चिंचोके पाखडावेत तसा आवाज येतो, प्रत्येक लाटेला. मी त्या खुर्चीत दीड तास बसले होते आणि तो आवाज अजून कानात आहे.

निरोप कसा लिहावा ते तुम्ही विचारलं नाहीत, पण मी लिहून देते, कारण तुम्ही तो पुढे ढकलाल. ग्रुपवर न टाकता तक्तेवालीला फोन करा आणि म्हणा: ‘अगं, तू इतकी मेहनत घेतलीस. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, आधी सांगायला हव्या होत्या. माझ्या गुडघ्याला चार गावं झेपणार नाहीत, आणि खिशालाही. नीस आणि अजून एक, एवढंच करूया का? ते एक तू ठरव. जास्त हिंडायचं असेल तर तुम्ही हिंडा, मी मनापासून सांगते, पण संध्याकाळी सहाला निळ्या खुर्च्यांवर मला चौघी हव्यात.’

ती हिरमुसेल कदाचित, एखादा दिवस. फोन या रविवारीच करा, म्हणजे निघेपर्यंत तिला सावरायला वेळ मिळेल. आणि गुडघ्याचा पट्टा मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा, इरकलीच्या शेजारी.